मुलांच्या फुटबॉलला रेफरी व्हायचंय? सुरुवात अशी करा

रविवारी सकाळी सात वाजता नेरूळच्या एका टर्फवर दहा वर्षांखालच्या मुलांचा सामना होता. दोन्ही संघ हजर, पालक हजर, थर्मासमधला चहा हजर. रेफरीचा मात्र पत्ता नाही. त्यांची गाडी चुकली की ते विसरले, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोचनी इकडेतिकडे पाहिलं. मोबाइलमध्ये डोकं न घातलेली मी एकटीच होते. "ताई, तुम्हीच घ्या ना शिट्टी. वीस-वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे." मी आयुष्यात फुटबॉलला लाथसुद्धा मारली नव्हती. लेकाला मैदानावर सोडायचं आणि चिखलाचा किट घरी न्यायचा, एवढाच माझा या खेळाशी संबंध.

माझी पहिली शिट्टी कुकरच्या पहिल्या शिट्टीसारखी झाली: येते येते म्हणता फुस्स. मुलांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि खेळ चालूच ठेवला.

त्याला आता तीन वर्षं होतील. घणसोलीपासून बेलापूरपर्यंत बऱ्याच मैदानांवर रविवार घालवल्यावर माझं मत असं झालंय की नवख्या रेफरीचं घोडं नियमांपाशी फारसं अडत नाही. अडतं ते आवाजापाशी. नियम वाचून येतात. पण बॉलजवळ असणं आणि निर्णय वेळेत, खणखणीत सांगणं हे मैदानावर उतरल्याशिवाय येत नाही. म्हणून मी सांगते त्या क्रमाने जा. हा क्रम मला स्वतःला उलटा पडला होता.

आधी एक सामना नुसता बघा

शिट्टी विकत घेण्याआधी एका रविवारी मैदानाच्या कडेला उभे राहा आणि बॉलकडे न बघता पूर्ण वेळ रेफरीकडे बघा. फार अवघड जातं, डोळे आपोआप बॉलमागे पळतात. पण कॉर्नरच्या, म्हणजे कोपऱ्यातून मारायच्या किकच्या वेळी ते कुठे उभे राहतात, किती वेळा शिट्टी वाजवतात, किती वेळा नुसत्या तोंडाने काम भागवतात, हे एकदा टिपलंत की निम्मी भीती जाते. चांगला रेफरी मुलांच्या सामन्यात सतत बोलत असतो. "काही नाही, खेळा", "हात खाली", "बघितलं मी, चालू दे". थ्रोसाठी, म्हणजे कडेच्या रेषेबाहेर गेलेला बॉल हाताने आत टाकायला, बहुतेक वेळा शिट्टी लागतच नाही, हात दाखवला की पुरतं.

मग कोचना किंवा स्पर्धा भरवणाऱ्यांना सांगा की मी मदतीला येऊ का. नाही म्हणणारं मला अजून कोणी भेटलेलं नाही. मानधनाचा विषय मात्र त्याच वेळी काढा. स्वयंसेवक म्हणून फुकट करणार असाल तर तसं सांगा, येण्याजाण्याचे पैसे हवे असतील तर तेही सांगा. सामना संपल्यावर वडापाव हातात घेऊन हा विषय काढणं कुणालाच सोयीचं नसतं.

नियम: सतरा आहेत, पण सगळे एकदम नकोत

फुटबॉलचे नियम ठरवणारी संस्था म्हणजे इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड. १८८६ सालची. तिचे सतरा नियम तिच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर फुकट वाचायला मिळतात, पण इंग्रजीत. सतराही नियम रात्रभर जागून पाठ करू नका. पहिल्या सामन्याआधी स्पर्धेचा नियमांचा कागद मागून घ्या, कारण मुलांसाठी मैदानाचा आकार, बॉलचा आकार, खेळाचा वेळ, बदली खेळाडू पुन्हा आत येणं, हे सगळं बदलायची मुभा मूळ नियमांतच दिलेली आहे. आपल्याकडच्या टर्फवर तर प्रत्येक आयोजकाचा संसार वेगळा. कुठे पाच-पाच, कुठे सात-सात. कुठे ऑफसाइड आहे, कुठे नाही. कुठे थ्रोऐवजी पायाने किक-इन. कागद नसेल तर दोन्ही कोचना एकत्र उभं करून तोंडी विचारा. एकेकट्याला विचारलंत तर दोन उत्तरं येतील आणि दोन्ही तुमच्याच गळ्यात पडतील.

आता जिथे खरी भांडणं होतात ते नियम बघू.

बॉल बाहेर कधी? पूर्ण बॉल पूर्ण रेषेच्या पलीकडे गेला तरच, मग तो जमिनीवरून जावो की हवेतून. रेषेला चिकटलेला बॉल आतच. कडेचे पालक अर्ध्या बॉलवरच "आउट! आउट!" करतात. तुम्ही शांतपणे "आत आहे, खेळा" म्हणा.

ऑफसाइडवर सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो आणि तो नियम अर्धवट माहीत असलेलेच करतात. साथीदार बॉल मारतो त्या क्षणी खेळाडू समोरच्या अर्ध्या मैदानात असेल, आणि बॉल व प्रतिस्पर्ध्यांमधला शेवटून दुसरा खेळाडू या दोघांपेक्षाही गोलरेषेच्या जवळ असेल, तर तो ऑफसाइड जागेवर असतो. शेवटून दुसऱ्याच्या बरोबरीत असेल तर नाही. ही जागा बघताना हात मोजायचे नाहीत. आणि नुसतं त्या जागेवर असणं हा गुन्हा नव्हे. तिथून त्याने खेळात भाग घेतला किंवा प्रतिस्पर्ध्याला अडवलं, तरच शिट्टी. थ्रो, गोलकिक (समोरच्यांनी गोलरेषेबाहेर घालवलेला बॉल आपल्या गोलजवळून मारणं) आणि कॉर्नर थेट मिळाला तर ऑफसाइड नसतोच. हे शेवटचं वाक्य पाठ करा. पहिल्याच महिन्यात कोणीतरी काका थ्रोवर "ऑफसाइड!" ओरडणार आहेत.

हॅन्डबॉल. गल्लीत "हॅन्ड!" म्हणून ओरडलं की खेळ थांबतो, नियमात तसं नाही. मुद्दाम हात लावला, किंवा हात अशा तऱ्हेने पसरला की अंगाचा अडथळा विनाकारण मोठा झाला, तर तो गुन्हा. आणि स्वतःच्या हाताला लागून थेट गोल झाला, किंवा हाताला लागल्या लागल्या त्याच खेळाडूने गोल केला, तर चुकून लागलं असलं तरी गोल धरत नाहीत. हात म्हणजे काखेच्या तळापासून खाली, खांदा चालतो. अंगाला चिकटलेल्या हातावर दोन फुटांवरून बॉल आदळला, तर मी "काही नाही!" म्हणून मोकळी होते. छोटी मुलं तोंड वाचवायला हात वर घेतात, तिथे थोडं माणूस म्हणून बघायचं.

गोलकिक पेनल्टी एरियाच्या, म्हणजे आपल्या "डी"च्या बाहेर गेलीच पाहिजे असं अजूनही अनेक कोच सांगतात. तो नियम २०१९ मध्ये बदलला. बॉलला लाथ बसून तो स्पष्ट हलला की खेळ सुरू. त्याच वर्षी आणखी एक बदल आला आणि तो आपल्यासारख्या नवख्यांच्या फार उपयोगाचा आहे: बॉल रेफरीच्या अंगावर आदळला, तो मैदानातच राहिला, पण त्यामुळे दुसऱ्या संघाकडे गेला, गोलात गेला किंवा त्यातून चांगली चढाई सुरू झाली, तर खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यायचा, म्हणजे बॉल हातातून खाली टाकून खेळ पुन्हा सुरू करायचा. पहिल्या काही सामन्यांत बॉल तुमच्या अंगावर येणार. माझ्या तर पाठीत बसला होता.

नवा बदल २०२५ चा. गोलकीपरने हातात बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं रेफरीने हात वर करून मोजून दाखवायची. बारा वर्षांखालच्या मुलांत मी ती मोठ्याने मोजते. गोलकीपर घाबरून तीनलाच बॉल मारून टाकतो, कॉर्नरची वेळ येत नाही.

थ्रो-इन: दोन्ही हातांनी, डोक्यामागून डोक्यावरून, दोन्ही पायांचा काही भाग रेषेवर किंवा बाहेर जमिनीला टेकलेला. चुकला तर थ्रो दुसऱ्या संघाला. आठ वर्षांखाली मात्र आयोजकांना आधी विचारून मी एक संधी पुन्हा देते आणि जवळ जाऊन कसं टाकायचं ते दाखवते.

सामान

शिट्टी बिनगोळीची घ्या. जुन्या शिट्टीतली गोळी थुंकीने आणि पावसाने अडकते, आणि आपला पाऊस तुम्हाला माहीत आहे. फॉक्स ४० ही त्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली, एका कॅनेडियन बास्केटबॉल रेफरींनी काढलेली. दोन ठेवा, एक मनगटाला बांधून आणि एक खिशात. घड्याळंही दोन. वही छोटी आणि सोबत पेन्सिल. पावसात पेनाची शाई पसरते आणि मध्यंतराला कोण जिंकतंय हे निळ्या डागाला विचारावं लागतं. नाणं, लाल-पिवळी कार्डं, पाणी. टीशर्ट दोन वेगळ्या रंगांचे, कारण एका संघाचा रंग तुमच्याशी जुळणारच. टर्फवर मोठ्या स्टडचे बूट चालत नाहीत, बारीक दाण्यांचे टर्फ शूज किंवा साधे धावायचे बूट पुरतात.

सराव कुठे करायचा, हा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न. घरात शिट्टी वाजवलीत तर सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव येईल. मी सकाळी सहाला ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाकाठी जायचे. फिरायला आलेले आजोबा दचकायचे, एकाने तर "मॅडम, कुठल्या खात्याच्या?" असं विचारलं. पण पोटातून, जिभेने तोडून, छोटी आणि लांब अशा दोन शिट्ट्या नीट वाजायला लागेपर्यंत सोडू नका. साध्या फाउलला छोटी, धोकादायक टॅकलला लांब आणि कडक. मुलांना शिट्टीच्या आवाजावरूनच कळलं पाहिजे की रेफरी रागावलेत.

खुणांपैकी एक न विसरता शिका: इनडायरेक्ट फ्री किकला (जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत) हात सरळ वर, आणि मारल्यावर दुसऱ्या कुणाचा बॉलला स्पर्श होईपर्यंत, किंवा बॉल बाहेर जाईपर्यंत, तो वरच. डायरेक्टला हात दिशेकडे. फाउल झाला पण ज्याच्यावर झाला त्याच संघाला पुढे फायदा दिसतोय, तर हात पुढे पसरून "अ‍ॅडव्हान्टेज, खेळा!"

पहिला सामना: आठ किंवा दहा वर्षांखालचाच मागा

चौदा वर्षांखालच्या मुलांचा वेग आणि तोंड दोन्ही पहिल्या दिवशी झेपत नाहीत. लहानांपासून सुरू करा, आणि शक्यतो स्वतःच्या मुलाचा सामना घेऊ नका. मी घेतला होता. त्याच्यावर झालेला फाउल दिला नाही म्हणून तो दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता, आणि दिला असता तर समोरचे पालक बोलले नसते.

अर्धा तास आधी पोचा आणि मैदानभर चालून या. खड्डे, काचा, पावसात साचलेलं पाणी बघा. सगळ्यात आधी गोलपोस्ट हलवून बघा. उचलून ठेवायचे पोस्ट मागून वाळूच्या पिशव्यांनी किंवा खुंट्यांनी पक्के नसतील तर सामना सुरू करू नका. जगात मुलं अशा पडलेल्या पोस्टखाली दगावली आहेत. इथे भीड उपयोगाची नाही.

मग मुलांना रांगेत उभं करा. शिनगार्ड, म्हणजे नडगीची कवचं, मोज्याखाली आहेत का, बुटाच्या नाड्या बांधल्यात का, अंगावर दागिना आहे का. चेन, अंगठी, कडं, कानातलं, रबरबँड, सगळं काढायचं. वर चिकटपट्टी लावून चालत नाही. राखीपौर्णिमेनंतरच्या रविवारी अख्खा संघ राख्या बांधून येतो. खड्याच्या, टोकदार राख्या मी काढायला लावते आणि त्या मुलाच्या समोर त्याच्या आईच्या हातात देते, म्हणजे रडारड होत नाही. शिनगार्ड नसलेल्याला मी खेळवत नाही. म्हणून पिशवीत दोन जोड जास्तीचे असतात. त्यातला एक नेहमी परत यायचा राहतो.

टॉस जिंकलेल्या कर्णधाराने ठरवायचं: पहिल्या हाफमध्ये कुठल्या गोलवर चाल करायची, किंवा किक-ऑफ, म्हणजे सामन्याची पहिली किक, स्वतः घ्यायचा.

खेळ सुरू झाला की धावा. बॉलपासून दहा-पंधरा मीटरवर, थोडं तिरकं, म्हणजे दोन खेळाडूंमधली फट दिसेल अशा जागी. पाठीमागून बघितलं तर कोणी कोणाला धरलं ते दिसत नाही. जवळून दिलेला चुकीचा निर्णयही लोक मुकाट्याने घेतात, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिलेला बरोबर निर्णयही कोणाला पटत नाही. मैदान अन्यायी आहे, पण ते तसंच आहे.

निर्णय चुकला असं लगेच लक्षात आलं आणि खेळ पुन्हा सुरू झालेला नसेल, तर बदला. "माझी चूक, थ्रो निळ्यांचा." खेळ सुरू झाला की संपलं, मागे जाता येत नाही. आणि एकीकडे चूक झाली म्हणून दुसरीकडे भरपाई द्यायला जाऊ नका. मी एकदा दिली. मग दोन्ही कोच माझ्यावर नाराज, आणि दोघांचंही बरोबर.

कार्डांबद्दल थोडंच. पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना केन अ‍ॅस्टन या इंग्लिश रेफरींची, ती १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात पहिल्यांदा आली. तिथे उद्देश भाषेची अडचण दूर करणं हा होता. दहा वर्षांच्या पोराशी तुमची भाषेची अडचण नाही. त्याला बाजूला घ्या, गुडघ्यावर बसून डोळ्यांत बघून सांगा, आणि कोचना खुणेने सांगा की पाच मिनिटं त्याला बाहेर घ्या. मोठ्या मुलांत मात्र कार्ड दाखवायची वेळ आली की दाखवा, खिशाशी चाळा करत बसू नका.

आणि हो, बाई असलात तरी मुलं तुम्हाला "सर"च म्हणणार. "सर, ह्याने ढकललं!" मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. एकाने "रेफरी आँटी" म्हटलं तेव्हा मात्र सर परवडलं असं वाटलं.

कडेला उभे असलेले

मुलांना सांभाळणं सोपं. त्यांचे बाबा अवघड, आणि आयाही काही कमी नाहीत. मी आधी तिकडेच उभी असायचे, त्यामुळे सांगते.

सामन्याआधी दोन्ही कोचना भेटा, नाव सांगा, हात मिळवा. स्पष्ट सांगा: "पालकांशी मी बोलणार नाही, ते तुमच्याकडे. काही असेल तर मध्यंतराला तुम्ही माझ्याशी बोला." हे एक वाक्य नंतरची दहा भांडणं वाचवतं. खेळादरम्यान कडेवरच्या ओरडण्याकडे बघायचंसुद्धा नाही. बघितलंत की त्यांना श्रोता मिळाला.

मर्यादा ओलांडली तर खेळ थांबवण्याचा अधिकार तुमचा आहे. बाहेरच्या हस्तक्षेपामुळे सामना थांबवता, स्थगित किंवा रद्द करता येतो, हे पाचव्या नियमातच आहे. एका सामन्यात एक गृहस्थ समोरच्या संघाच्या आठ वर्षांच्या गोलकीपरला नावं ठेवायला लागले. मी शिट्टी वाजवली, बॉल बगलेत धरला, कोचकडे गेले आणि म्हटलं, "सर, ते गेटबाहेर जाईपर्यंत मी इथेच आहे." आणि उभी राहिले. पंचवीस मुलं-माणसं गप्प. अर्ध्या मिनिटात बाकीच्या पालकांनीच त्यांना बाहेर नेलं. ओरडणं मला जमलं नसतं, उभं राहणं जमलं.

कोचचं वर्तन हाताबाहेर गेलं तर २०१९ पासून त्यांनाही कार्ड दाखवता येतं. पण बहुतेक वेळा "सर, मुलं बघतायत" एवढं पुरतं.

ऊन, पाऊस, लागणं

एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उन्हात टर्फ तव्यासारखं तापतं. नियमात पाणी प्यायला एक मिनिटाची आणि अंग थंड करायला दीड ते तीन मिनिटांची विश्रांती देता येते; लहानांना ती न मागता द्या, आणि सामना नऊच्या आत संपेल असा आग्रह आधीच धरा. पावसात खेळायला हरकत नाही, मुलांना तर तेच हवं असतं. गडगडाट ऐकू आला की मात्र सगळे मैदानाबाहेर, पक्क्या छपराखाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान तीस मिनिटं थांबायचं. कोच घड्याळ दाखवतील. दाखवू द्या.

डोक्याला मार बसला आणि मूल गोंधळल्यासारखं वाटलं, चक्कर आली, उलटी झाली, तर ते त्या दिवशी पुन्हा मैदानावर येत नाही. "मी ठीक आहे सर" यावर विश्वास ठेवायचा नाही. आई-बाबांना सांगून डॉक्टरकडे पाठवायचं.

मुलांशी एकांतात थांबायचं नाही, कपडे बदलायच्या खोलीत जायचं नाही, त्यांच्याशी वैयक्तिक मेसेज नाहीत. जे काही ते कोच आणि पालकांमार्फत. २०१२ चा पॉक्सो कायदा एकदा वाचून ठेवा. तो मुलांसाठी आहे, पण ही शिस्त तुमचंही रक्षण करते.

गोडी लागली तर

अधिकृत रेफरी व्हायचं असेल तर जिल्हा फुटबॉल संघटनेकडून सुरुवात करायची. इथे एक गंमत लक्षात ठेवा: वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. नवी मुंबई म्हणून सगळं एकच असं धरून गेलात तर एक फेरी फुकट. जिल्ह्याच्या वर राज्याची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, आणि त्यावर १९३७ साली स्थापन झालेला अखिल भारतीय फुटबॉल महासंघ. रेफरींच्या परीक्षेत लेखी असतं आणि धावण्याची चाचणीही असते, तेव्हा नियम वाचता वाचता पळायलाही सुरुवात करा. शालेय स्पर्धा, त्यात १९६० पासून चालू असलेल्या सुब्रतो कपच्या जिल्हा फेऱ्या आल्या, त्यासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले आणि २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाची अंतिम फेरी. मी मुलींची अंतिम फेरी टीव्हीवर पुन्हा बघितली, फक्त रेफरीकडे बघत. गोल कोणी केला ते मला नंतर विचारून घ्यावं लागलं.

दर सामन्यानंतर घरी जाण्याआधी वहीत तीन ओळी लिहा: कुठे लांब राहिलो, कुठे उशिरा शिट्टी वाजवली, कुठला नियम आठवला नाही. आणि गोल झाला की त्याच क्षणी पेन्सिलीने रेघ मारा. माझ्या पहिल्या सामन्याच्या पानावर मैदान, तारीख, दोन्ही संघ, एका मुलाच्या गुडघ्याला लागलेलं, सगळं लिहिलेलं आहे. स्कोअर लिहिलेला नाही. एक कोच आजही म्हणतात तीन-दोन, दुसरे म्हणतात तीन-तीन.